जुन्या पेडल स्टील गिटारसाठी बदली पिकअप निवडताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेडल स्टील गिटार हे आडवे मांडून, तारांवर धातूचा बार सरकवून वाजवायचे वाद्य; पायाखालची पेडले आणि गुडघ्याचे लिव्हर यांनी त्याच्या तारांचे सूर बदलतात. त्याच्या प्रत्येक मानेला (तारांच्या संचाला) एकच पिकअप, म्हणजे तारेचे कंपन विद्युत संकेतात बदलणारा भाग, असतो आणि तो चेंजरला, म्हणजे पेडल दाबताच तारा ताणणाऱ्या किंवा सैल करणाऱ्या यंत्रणेला, जवळजवळ लागून बसवलेला असतो. साध्या इलेक्ट्रिक गिटारवर एक पिकअप आवडला नाही तर स्विच फिरवून दुसऱ्याकडे जाता येते. येथे ती सोय नाही. त्यामुळे या एका भागाची निवड वाद्याच्या आवाजावर बराच काळ राज्य करते. जुने वाद्य हाती असणाऱ्या वादकांना वारंवार पडणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत. उत्तरांमध्ये मतेही आहेत, आणि ती मते म्हणूनच वाचावीत.

येथे कोणती वाद्ये ‘जुनी’ धरली आहेत?

मुख्यतः १९५० ते १९८० च्या दशकांतील अमेरिकी बनावटीची. पॉल बिग्सबी यांनी १९४८ मध्ये स्पीडी वेस्ट यांच्यासाठी बनवलेले वाद्य या परंपरेच्या आरंभीचे मानले जाते, आणि १९५४ साली वेब पियर्स यांच्या ‘स्लोली’ या गाण्यात बड आयझॅक्स यांनी सूर वाजत असतानाच पेडल दाबून तो सरकवला, तेव्हापासून या वाद्याला मागणी आली. फेंडरचे १००० हे दुहेरी मानेचे मॉडेल १९५७ चे आहे. शॉट जॅक्सन आणि बडी एमन्स यांची शो-बड, नंतर १९६३ मध्ये सुरू झालेली एमन्स कंपनी, डॅलसची एमएसए, झेन बेक यांचे झेडबी ही नावे आजही जुन्या बाजारात सर्वाधिक दिसतात. यांतील बहुतेकांच्या पिकअपची बांधणी एकमेकांपेक्षा वेगळी आहे, आणि अनेकदा एकाच कंपनीच्या दोन काळांतील पिकअपही सारखे नसतात. म्हणून ‘शो-बडसाठी कोणता पिकअप चांगला’ असा प्रश्न अपुरा ठरतो. कोणत्या काळातील शो-बड, त्यावर सध्या काय बसले आहे आणि ते मूळचे आहे का, हे आधी सांगावे लागते.

पिकअप खरोखर बदलायला हवा, हे कशावरून ओळखावे?

पुष्कळदा दोष पिकअपचा नसतोच. आवाज बोथट किंवा पातळ झाला की पहिला संशय पिकअपवर जातो, कारण तो विकत मिळतो आणि बदलता येतो. तरीही आधी नव्या तारा, मग व्हॉल्यूम पेडलमधील (आवाज कमीजास्त करणाऱ्या वेगळ्या पेडलमधील) पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरवता येणारा रोधक, मग केबल व जॅक आणि सर्वांत शेवटी पिकअप, असा तपासाचा क्रम ठेवला तर बऱ्याच तक्रारी वाटेतच मिटतात. विशेषतः पेडलमधील पोटेन्शिओमीटर सतत फिरत असल्याने झिजतो, आणि त्याची खरखर किंवा मध्येच आवाज जाणे हा पिकअपचा दोष समजून वाद्य उघडले जाते.

आणखी एक जागा सहज नजरेतून सुटते, ती म्हणजे चेंजरच्या बोटांचा माथा. तार जेथून वळते तेथे वर्षानुवर्षांच्या घर्षणाने बारीक खाच पडते आणि तार त्या खाचेच्या कडेवर थरथरू लागते. मग सुराला सतारीच्या जवारीसारखी झिणझिण येते आणि सूर लवकर विझतो. जवारी सतारीवर हवीहवीशी असते, येथे नको असते, आणि कोणताही पिकअप ती घालवू शकत नाही, कारण पिकअप तारेचे जे कंपन आहे तेच उचलतो. ही बोटे घासून गुळगुळीत करून घेणे हे नव्या पिकअपपेक्षा अधिक उपयोगी काम ठरू शकते.

पिकअपवर खरा संशय असेल तर मल्टिमीटरने त्याचा रोध मोजावा. शक्य असल्यास पिकअपच्या वायरी सर्किटपासून सोडवून मोजणे चांगले, नाहीतर व्हॉल्यूम व टोनचे नियंत्रक मोजमापात मिसळतात. रोध अनंत दाखवला तर कॉइल, म्हणजे पिकअपमधील बारीक तारेची गुंडाळी, कोठेतरी तुटलेली आहे. अपेक्षेपेक्षा खूपच कमी दाखवला तर वेटोळ्यांमध्ये आतल्या आत शॉर्ट झालेले असू शकते; अशा पिकअपचा ट्रेबल आणि आवाजाची पातळी दोन्ही घटलेले असतात. रोध ठीक, तारा नव्या, पेडल व केबल निर्दोष, आणि तरीही आवाज आपल्याला हवा तसा नाही, तेव्हाच हा आवडीचा प्रश्न होतो आणि निवडीला अर्थ येतो.

मूळ पिकअप बंद पडला असेल तर नवा घ्यावा की तोच पुन्हा गुंडाळून घ्यावा?

वाद्य खरोखर जुने आणि मूळ स्थितीतील असेल, तर आमचे मत पुन्हा गुंडाळण्याच्या बाजूने आहे. जुन्या सिंगल कॉइल (एकाच कॉइलच्या) पिकअपमध्ये चुंबक, पोल (तारांखालचे खुंट), बॉबिन (ज्यावर तार गुंडाळतात तो साचा) आणि आवरण यांचे काही बिघडलेले नसते. तुटते ती तांब्याची तार. ४२ क्रमांकाची तार सुमारे ०.०६३ मिलिमीटर जाडीची आणि ४४ क्रमांकाची सुमारे ०.०५ मिलिमीटर जाडीची असते, त्यामुळे ओलावा, घाम किंवा सोल्डरिंगमधील आम्ल यांनी ती खाल्ली जाणे स्वाभाविक आहे. अनेकदा ही तूट कॉइलच्या अगदी बाहेरच्या टोकाशी, बाहेर जाणाऱ्या वायरीच्या सांध्याजवळ असते आणि कुशल कारागीर तेवढाच सांधा दुरुस्त करून कॉइल जशीच्या तशी वाचवतो. म्हणून ‘बंद’ ठरवलेला पिकअप टाकून देण्याआधी सांधे भिंगाखाली पाहून घ्यावेत.

पुन्हा गुंडाळून घेताना कारागिराला तारेचा क्रमांक, वेटोळ्यांची अंदाजे संख्या आणि इन्सुलेशनचा प्रकार मूळ कॉइलवरून ठरवायला सांगावे. केवळ ‘एवढे किलोओहम करून द्या’ असे सांगितले आणि त्याने जास्त बारीक तार वापरली, तर आकडा जुळेल पण आवाज जुळणार नाही.

साध्या सहा तारांच्या गिटारचा पिकअप का चालत नाही?

मुख्य अडचण रुंदीची. दहा तारांच्या मानेवर पहिल्या आणि दहाव्या तारेतील अंतर सहा तारांच्या पिकअपच्या पोलांच्या पल्ल्याबाहेर जाते, आणि कडेच्या तारांचा आवाज क्षीण होतो. शिवाय एका मानेला आठ, दहा, बारा किंवा चौदा तारा असू शकतात. फेंडरच्या ४०० आणि १००० या मॉडेलांच्या मानेवर आठ तारा होत्या, त्यामुळे बाजारात सहज मिळणारा दहा तारांचा पिकअप त्यांवर सरळ बसत नाही.

मागवण्याआधी कोणती मापे घ्यावीत?

तारांची संख्या, पिकअपच्या बरोबर वर मोजलेले पहिल्या व शेवटच्या तारेच्या मध्यांतील अंतर (नटजवळचे नव्हे, कारण तारा दोन्ही टोकांना सारख्या अंतरावर असतीलच असे नाही), मूळ पिकअपची लांबी, रुंदी आणि तळापर्यंतची पूर्ण खोली, स्क्रूंच्या छिद्रांमधील अंतर, आणि मानेखाली चेंजरच्या सळया किंवा पेडलच्या आडव्या दांड्या पिकअपच्या तळाला लागत नाहीत ना, याची खात्री. यांतील खोलीचे माप सर्वाधिक विसरले जाते. पोकळी खोल दिसते, पण तिच्या खालून सळया जात असतात, आणि उंच बॉबिनचा पिकअप बसवल्यावर पेडल दाबताच सळई त्याला घासते.

या ठिकाणी एक आग्रह धरावासा वाटतो : जुन्या वाद्याचे लाकूड किंवा धातूची मान पिकअपसाठी कोरू नये. मूळ खाचेत बसणारा पिकअप मिळत नसेल तर मधली पट्टी बनवून घ्यावी किंवा योग्य मापाचा पिकअप बनवून घ्यावा. निवड कितीही चांगली असली तरी ती दहा वर्षांनी बदलावीशी वाटू शकते. कोरलेले लाकूड परत येत नाही.

सिंगल कॉइल घ्यावा की हंबकर?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि त्याचे उत्तर बहुधा ‘गुणगुण हवी की नको’ एवढ्यावर संपवले जाते. ते अपुरे आहे.

सिंगल कॉइल आसपासच्या ट्रान्सफॉर्मर, दिवे आणि विजेच्या वायरींचे क्षेत्र उचलतो, हे खरे. साधा गिटारवादक थोडा वळून उभा राहिला की त्याची गुणगुण कमी होते. पेडल स्टीलचा वादक चार पायांच्या वाद्यामागे बसलेला असतो आणि त्याला वळण्याची मुभा नसते. म्हणून या वाद्यावर गुणगुणीचा प्रश्न अधिक बोचतो. वाद्य मांडतानाच अॅम्प्लिफायर पिकअपपासून दूर आणि निराळ्या कोनात ठेवणे हा त्यावरचा पहिला आणि फुकट उपाय आहे. हंबकरमध्ये दोन कॉइल एकमेकींच्या उलट दिशेने गुंडाळलेल्या आणि उलट ध्रुव असलेल्या असतात, त्यामुळे बाहेरची गुणगुण परस्पर खोडली जाते आणि तारेचा संकेत मात्र जोडला जातो.

आता आवाजाकडे. हंबकर तारेला एकाच वेळी दोन ठिकाणी ‘ऐकतो’. एखाद्या अधिस्वराच्या (मूळ सुराबरोबर वाजणाऱ्या वरच्या सुराच्या) तरंगाची अर्धी लांबी या दोन ठिकाणांमधील अंतराएवढी असेल, तर एका कॉइलवर तार वर जात असताना दुसरीवर ती खाली येते आणि तो अधिस्वर खोडला जातो. दोन कॉइलच्या मध्यांत २ सेंटिमीटर अंतर आणि तारेची लांबी २४ इंच, म्हणजे सुमारे ६१ सेंटिमीटर, असे धरून हिशेब केला तर ई-नाइन्थ (पेडल स्टीलवरील एक रूढ ट्यूनिंग) मानेच्या चौथ्या तारेवर, म्हणजे ई सुराच्या तारेवर, हा खड्डा सुमारे १०,००० हर्ट्झला येतो. अॅम्प्लिफायरचा स्पीकर तेथे फारसे काही वाजवतच नाही, त्यामुळे वादकाला फरक जाणवत नाही. त्याच मानेच्या दहाव्या तारेवर, बी सुरावर, तो सुमारे ३,८०० हर्ट्झला उतरतो. सी-सिक्स्थ (दुसरे रूढ ट्यूनिंग) मानेच्या सर्वांत जाड तारेवर, खालच्या सी सुरावर, तो सुमारे २,००० हर्ट्झला येतो, आणि तेथे कान तीक्ष्ण असतो.

म्हणजे रुंद हंबकरचा ‘गढूळपणा’ सर्व तारांवर सारखा पसरलेला नसतो. वरच्या साध्या तारांना तो जवळजवळ स्पर्श करत नाही, खालच्या गुंडाळलेल्या तारांना मात्र झोंबतो. बार कोठेही ठेवला तरी एका तारेसाठी हा खड्डा हर्ट्झमध्ये त्याच जागी राहतो, कारण तो तारेवरील तरंगाच्या वेगावर आणि कॉइलमधील अंतरावर अवलंबून असतो. फरक एवढाच की चोविसाव्या फ्रेटवर मूळ सूरच वर गेलेला असल्याने त्याचे मोजकेच अधिस्वर खड्ड्याच्या खाली उरतात.

यावरून काही व्यवहारी निष्कर्ष निघतात. फक्त ई-नाइन्थ वाजवणाऱ्याला आणि गुणगुण असह्य होणाऱ्याला हंबकर घेण्यात फारसे गमावावे लागत नाही. खालच्या तारांवर स्वच्छ, बोटाने उचललेला प्रत्येक सूर सुटा ऐकू येणारा सी-सिक्स्थचा आवाज हवा असेल तर सिंगल कॉइल, किंवा कॉइल अगदी जवळ असलेला अरुंद दुहेरी पट्टीचा हंबकर पाहावा. अंतर १ सेंटिमीटरवर आणले की वरचे सर्व आकडे दुप्पट होतात. एकावर एक रचलेल्या दोन कॉइलचा पिकअप तारेला एकाच ठिकाणी ऐकतो, त्यामुळे त्यात हा खड्डा नसतो. त्याची खालची कॉइल बव्हंशी गुणगुण खोडण्यापुरतीच असते, आणि त्यामुळे काही प्रमाणात संकेताची ताकदही जाते.

जुन्या ध्वनिमुद्रणांतला आवाज मनात ठेवून जे वाद्य घेतात, त्यांच्यासाठी मात्र उत्तर सोपे आहे. त्या काळातील एमन्स आणि शो-बडचा ओळखीचा आवाज सिंगल कॉइलचा आहे, आणि थोडी गुणगुण सोसूनच तो मिळतो.

रोध जास्त म्हणजे पिकअप जास्त ताकदवान, हे बरोबर आहे का?

नाही. साध्या गिटारच्या सिंगल कॉइलचा रोध साधारण ६ ते ८ किलोओहम असतो, तर स्टील गिटारच्या सिंगल कॉइलचा १५ ते २० किलोओहमच्या आसपास आढळतो. पण दहा पोलांभोवतीचे प्रत्येक वेटोळे लांब असते, त्यामुळे तेवढ्याच वेटोळ्यांना तार जास्त लागते. आणि तार जितकी बारीक तितका रोध जास्त. हे दोन्ही परिणाम वगळून उरेल तेवढ्यावरूनच वेटोळ्यांच्या संख्येचा अंदाज येतो. एकाच कारागिराच्या, एकाच तारेच्या आणि एकाच बॉबिनच्या दोन पिकअपची तुलना रोधावरून करता येते. याहून अधिक अर्थ त्या आकड्याला देऊ नये.

तापमानाचेही भान ठेवावे. तांब्याचा रोध दर अंश सेल्सियसला सुमारे ०.४ टक्के बदलतो, त्यामुळे १८ किलोओहमचा पिकअप दहा अंशांच्या फरकाने ७०० ओहमच्या आसपास वेगळा दिसतो. दोन जणांनी निरनिराळ्या ऋतूंत मोजलेल्या आकड्यांवरून रंगणारे वाद यामुळे व्यर्थ ठरतात. इंडक्टन्स (कॉइल प्रवाहातील बदलाला करते तो विरोध) आणि कॉइलचा स्वतःचा कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) हे आकडे कारागीर देत असेल, तर ते रोधापेक्षा कितीतरी बोलके असतात.

व्हॉल्यूम पेडल आणि केबलचा पिकअपच्या निवडीशी काय संबंध?

फार जवळचा. आमच्या मते या वाद्यावर तो इतर कोणत्याही विद्युत गिटारपेक्षा जास्त आहे.

पिकअपचा इंडक्टन्स आणि केबलचा कपॅसिटन्स मिळून एक अनुनाद तयार होतो. त्या जागी आवाजाला उंचवटा येतो आणि त्याच्या वर ट्रेबल झपाट्याने उतरतो. पिकअपचा इंडक्टन्स ७ हेन्री आणि एकूण कपॅसिटन्स ५०० पिकोफॅरड असेल तर हा उंचवटा सुमारे २,७०० हर्ट्झला येतो. त्याच पिकअपला दुप्पट कपॅसिटन्स लावला तर तो १,९०० हर्ट्झपर्यंत खाली सरकतो. साध्या गिटार केबलचा कपॅसिटन्स मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड धरता येतो, त्यामुळे पाच मीटरच्या जागी दहा मीटर केबल वापरणे म्हणजे जवळजवळ वेगळा पिकअप बसवण्यासारखेच आहे. आवाज गडद वाटतो म्हणून कमी वेटोळ्यांचा पिकअप शोधणाऱ्याने आधी आखूड केबल लावून पाहावी.

आता व्हॉल्यूम पेडल. पेडल स्टीलचा वादक सूर विझू लागला की पेडल हळूहळू पुढे दाबून त्याला आधार देतो, आणि म्हणून तो बहुतेक वेळ पेडल अर्ध्यावरच ठेवून वाजवतो. पेडलमध्ये बहुधा ५०० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर असतो. तो मधल्या स्थितीत असताना पुढच्या केबलला दिसणारा रोध त्याच्या किमतीच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत, म्हणजे १२५ किलोओहमपर्यंत जातो. त्यापुढे ५०० पिकोफॅरडची केबल असेल तर सुमारे २,५०० हर्ट्झच्या वरचा भाग गळू लागतो. पेडल पूर्ण दाबले की हा परिणाम निघून जातो. म्हणजे पेडल जसे पुढे जाते तसा आवाज मोठाही होतो आणि उजळही होतो, आणि वादक हा रंगबदल पिकअपच्या माथी मारतो.

यावरचा उपाय म्हणजे पिकअप आणि पेडल यांच्यामध्ये बफर (पिकअपला पुढच्या भारापासून अलग ठेवणारे छोटे सर्किट) ठेवणे, किंवा पेडलच्या आतच बफर असलेले पेडल घेणे. बफर लावल्यावर पिकअपवरचा भार स्थिर राहतो आणि पेडलच्या स्थितीप्रमाणे रंग बदलत नाही. मात्र भार कमी झाल्याने तोच पिकअप अधिक उजळ, काहींच्या मते टोचरा ऐकू येतो. म्हणून बफर वापरायचा की नाही हे पिकअप निवडण्याआधी ठरवावे. बफरशिवाय निवडलेला सिंगल कॉइल बफर लावल्यावर आवडेनासा होणे हा नेहमीचा अनुभव आहे, आणि त्यात पिकअपचा काही दोष नसतो.

अॅल्निको की सिरॅमिक चुंबक?

चुंबकाच्या जातीला चर्चेत जेवढे महत्त्व मिळते तेवढे ते नाही. जुन्या सिंगल कॉइलमध्ये अॅल्निकोचे (अॅल्युमिनियम, निकेल व कोबाल्ट असलेल्या चुंबकीय मिश्रधातूचे) पोलच गाभ्याचे काम करतात, तर पट्टीच्या पिकअपमध्ये चुंबक खाली असतो आणि पोलादी पट्टी त्याचे क्षेत्र वर आणते. कॉइलच्या मधोमध काय आहे यावर इंडक्टन्स बदलतो, आणि आवाजातला फरक बऱ्याच अंशी त्यातून येतो. चुंबक वयाने ‘मेला’ असेल अशी शंका अनेकांना येते; अॅल्निको जवळच्या तीव्र क्षेत्राने किंवा दुसऱ्या चुंबकाशी आदळल्याने कमजोर होऊ शकतो, पण नुसत्या वर्षांनी त्याचे फारसे नुकसान होत नाही. कमजोर झालाच तर त्याला पुन्हा चुंबकित करता येते, त्यासाठी पिकअप बदलावा लागत नाही.

सुटे पोल चांगले की सलग पट्टी?

सुट्या पोलांच्या पिकअपमध्ये प्रत्येक तार बरोबर पोलावर यावी लागते. जुन्या वाद्यात तसे नसेल तर ती तार मागे पडते. पट्टीला तारांच्या अंतराशी काही देणेघेणे नसते, म्हणून मापे विचित्र असलेल्या वाद्यांसाठी ती सोयीची. उलट तारांमधील असमतोल सुधारायचा असेल तर वरखाली करता येणारे पोल उपयोगी पडतात. ई-नाइन्थ मानेची सहावी तार, म्हणजे जी-शार्प सुराची तार, पुष्कळ वादक साधी, न गुंडाळलेली वापरतात. ती जाड आणि सलग पोलादाची असल्याने शेजारच्या तारांपेक्षा मोठ्याने बोलते. तिच्याखालचा पोल थोडा खाली उतरवला की काम भागते. पोल स्थिर असतील तर त्या जागी गुंडाळलेली तार लावून पाहणे हाही मार्ग आहे, पण मग पेडलने तिचा सूर वर नेण्यासाठी लागणारी ओढ बदलते आणि चेंजर पुन्हा जुळवावा लागतो.

पेडल दाबताना अॅम्प्लिफायरमधून खटखट का येते?

कारण पिकअप मायक्रोफोनसारखा वागू लागलेला असतो. मेण न भरलेल्या किंवा मेण सुटलेल्या कॉइलची वेटोळी, सैल आवरण किंवा सैल चुंबक वाद्याच्या शरीराबरोबर हलतात, आणि दांड्या, थांबे व गुडघ्याच्या लिव्हरचा आवाज सरळ संकेतात उतरतो. साध्या गिटारवर हा दोष मोठ्या आवाजात शिट्टी वाजण्याच्या रूपाने दिसतो. पेडल स्टीलवर तो हळू, शांत जागीही ऐकू येतो, कारण येथे यंत्रणाच पिकअपच्या खाली चालू असते. उपाय सोपा आहे : पिकअप बोटाने हलकेच ठोकून पाहावा, आवाज स्पष्ट आला तर वितळलेल्या मेणात बुडवून घ्यावा. हे काम जाणकाराकडून करून घ्यावे, कारण जुन्या बॉबिनचे काही प्लास्टिक उष्णतेने वाकते. नवा पिकअप घेताना तो मेण भरलेला आहे ना, हे विचारावे. थोडी ‘जिवंत’ खटखट आवडणारे वादकही आहेत, त्यांच्याशी वाद घालण्याचे कारण नाही.

कोणत्या बनावटीचे पिकअप विचारात घ्यावेत?

स्टील गिटारच्या वर्तुळात बिल लॉरेन्स यांच्या नावाचे एल-७०५ आणि एल-७१० हे पट्टीचे पिकअप, जॉर्ज एल्सचे ई-६६ आणि १०-१, वॉलेस ट्रूटोनचे सिंगल कॉइल, टेलोनिक्स आणि लेस अॅल्युमिटोन ही नावे पुन्हा पुन्हा येतात. बिल लॉरेन्स हे नाव एकाहून अधिक उत्पादकांच्या मालावर दिसते, त्यामुळे जुना पिकअप घेताना नुसत्या नावावर न जाता नेमके मॉडेल आणि बनवणारा पाहावा. अॅल्युमिटोनची रचना या सर्वांहून निराळी आहे : बारीक तारेच्या हजारो वेटोळ्यांऐवजी अॅल्युमिनियमच्या चौकटीत प्रवाह निर्माण होतो आणि छोट्या ट्रान्सफॉर्मरने तो वापरण्याजोगा केला जातो. तो गुणगुणीला शांत आणि वरच्या पट्टीत मोकळा असतो. १९६० च्या दशकातील आवाज हवा असणाऱ्याने मात्र तो त्या अपेक्षेने घेऊ नये.

नावांची यादी पाहण्याआधी वर दिलेली मापे, मानेचे ट्यूनिंग आणि बफरचा निर्णय हे तीन मुद्दे कागदावर लिहून ठेवले, तर यादी आपोआप दोन-तीन नावांवर येते.

दुहेरी मानेवर दोन्ही पिकअप एकदम बदलावेत का?

तसे बंधन नाही. ई-नाइन्थ आणि सी-सिक्स्थच्या गरजा वेगळ्या आहेत, हे हंबकरच्या उत्तरात आलेच आहे. पण एका मानेवरून दुसरीवर जाताना आवाजाची पातळी आणि अॅम्प्लिफायरची जुळणी बदलावी लागू नये, एवढे पाहावे. एका बाजूला सिंगल कॉइल आणि दुसऱ्या बाजूला ताकदवान हंबकर असेल तर गाण्याच्या मध्यात ते त्रासाचे होते. स्विचच्या मधल्या स्थितीत दोन्ही माना एकत्र चालू ठेवणारे वाद्य असेल, तर एक पिकअप दुसऱ्याच्या उलट दिशेने गुंडाळलेला आणि उलट ध्रुवाचा मागवावा, म्हणजे त्या स्थितीत गुणगुण खोडली जाते.

पिकअप बसवल्यावर त्याची उंची किती ठेवावी?

अमेरिकी वादकांत चालत आलेला संकेत असा, की तार आणि पिकअप यांच्यामध्ये दोन क्वार्टर (पंचवीस सेंटची) नाणी मावावीत. एक नाणे १.७५ मिलिमीटर जाड असते, म्हणजे अंतर साधारण ३.५ मिलिमीटर. सुरुवात तेथून करावी आणि मग कानाने ठरवावे. साध्या गिटारवर वरच्या फ्रेटवर बोट दाबले की तार पिकअपच्या जवळ येते. येथे बार तारेवर नुसता टेकतो आणि तार खाली जात नाही, त्यामुळे मोकळ्या तारेवर ठेवलेले अंतर सर्वत्र जवळजवळ कायम राहते. हे एक सुख या वाद्यात आहे.

फार जवळ आणले की आवाज मोठा होतो पण सुराची सुरुवात ठोकल्यासारखी येते, आणि धातूच्या बोटनख्या पिकअपला लागून टक्‌टक् होते. पोलादी पोल किंवा पट्टी उघडी असेल तर ही टक्‌टक् संकेतात अधिक उतरते. थोडे दूर नेले की आवाज लहान पण गोल होतो. जी पातळी कमी झाली ती अॅम्प्लिफायरवर वाढवता येते. शंका असेल तेव्हा आम्ही दूर ठेवण्याच्या बाजूने आहोत. पातळ तारांकडची बाजू आणि जाड तारांकडची बाजू वेगवेगळ्या उंचीवर ठेवून समतोल साधावा, आणि तो साधताना व्हॉल्यूम पेडल पूर्ण दाबून नव्हे तर नेहमीच्या अर्ध्या स्थितीत ठेवून ऐकावे.

नवा पिकअप बसवला, पण आवाज पातळ आणि विचित्र येतो. काय चुकले असेल?

हंबकर असेल तर त्याच्या दोन कॉइल एकमेकींच्या विरुद्ध जोडल्या गेल्याची शक्यता सर्वांत मोठी. तेव्हा बेस नाहीसा होतो आणि पातळी खूप घटते. एका कॉइलच्या वायरींची अदलाबदल करून पाहावी. तारांना किंवा बारला हात लावल्यावर गुणगुण कमी होत असेल तर चेंजरचे ग्राउंड ठीक आहे. हात लावल्यावर ती वाढत असेल तर संकेताची आणि ग्राउंडची वायर उलट जोडली गेली असावी. जोडणी बरोबर असूनही मध्यम पट्टा नाकातून आल्यासारखा वाटत असेल, तर अॅम्प्लिफायरवर ८०० हर्ट्झच्या आसपास थोडी कपात करून पाहावी. स्टील गिटारसाठी बनवलेल्या अनेक अॅम्प्लिफायरवर त्यासाठी फिरवता येणारे मध्यम नियंत्रण असते. जुन्या पिकअपसाठी जुळवलेले टोन तसेच ठेवून नव्याचा न्याय करू नये.

काढलेला मूळ पिकअप कसा जपावा?

त्याचे स्क्रू, स्प्रिंगा आणि खालचे फोम त्याच्याबरोबरच एका पाकिटात ठेवावेत, वाद्याचा क्रमांक, कोणत्या मानेवरून काढला आणि मोजलेला रोध किती, हे त्यावर लिहावे. वायरी मुळाशी कापू नयेत. सोल्डर वितळवून सोडवाव्यात, कारण कॉइलजवळ उरलेला तुकडा आखूड झाला की पुढच्या कारागिराचे काम अवघड होते. दुसऱ्या पिकअपच्या किंवा स्पीकरच्या चुंबकाला टेकवून ठेवू नये आणि दमट जागी ठेवू नये. वाद्य कधी विकायचे झाले, तर मूळ पिकअप सोबत असणे हे घेणाऱ्याच्या दृष्टीने नव्या पिकअपच्या बनावटीपेक्षा अधिक मोलाचे असते.